पाणीटंचाईचा तातडीचा निधी : कोणता उपाय, कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेआधी? – नागपूर ग्रामीण

कन्हानकाठ – 11 मार्च, रात्री 9.40

मार्च अर्धा होत आला आणि तिसऱ्या टप्प्याचे प्रस्ताव पंचायत समितीत न पोचलेली गावे अजून आहेत. म्हणून हा धागा. काटोल-नरखेडपासून कुही-भिवापूरपर्यंत जे हे काम रोज करतात त्यांनी आपल्या भागाची भर घालावी.

आधी मुळातली गोष्ट. 'तातडीचा निधी' म्हणून वेगळी पेटी कुठे ठेवलेली नसते. शासनाने ठरवलेले नऊ उपाय आहेत आणि पैसा उपायाच्या नावावर मंजूर होतो. 3 फेब्रुवारी 1999 च्या शासन निर्णयापासून चालत आलेली ती यादी: विहीर खोल करणे व गाळ काढणे, खाजगी विहीर अधिग्रहण, टँकर किंवा बैलगाडीने पुरवठा, चालू नळ योजना लवकर पूर्ण करणे, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, विंधन विहिरीची (म्हणजे बोअरची) विशेष दुरुस्ती, नवीन विंधन विहीर, तात्पुरती पूरक नळ योजना, आणि बुडक्या (नदी-नाल्याच्या पात्रात खणलेले पाण्याचे खड्डे). ठरावात नुसते "पाण्याची सोय करून द्यावी" लिहिले की त्या कागदाला यातला एकही उपाय लागू करता येत नाही. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि तोवर मे येतो.

टंचाईचे वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 जून. टप्पे तीन: ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च, एप्रिल-जून. टंचाई आराखड्यात गावाचे आणि उपायाचे नाव आहे का, हे आजच तपासा. नसेल तर पुरवणी आराखड्यासाठी लगेच कागद द्या. पाऊस लांबला तर शासन जूननंतर मुदतवाढ देते, पण ती धरून चालू नका.

भूजल_वाचक – 11 मार्च, रात्री 10.25

कन्हानकाठ दादा, आराखड्यात गाव कशावरून येते ते इथे सांगायला हवे. पुष्कळ जण त्याला वशिल्याचे काम समजतात, तसे ते नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात. पाऊस सरासरीपेक्षा 20 टक्क्यांहून कमी आणि पातळी 3 मीटरहून जास्त घसरलेली असेल तर ऑक्टोबरपासूनच टंचाई संभवते. घसरण 2 ते 3 मीटर असेल तर जानेवारीपासून आणि 1 ते 2 मीटर असेल तर एप्रिलपासून.

गोम अशी की निरीक्षण विहीर प्रत्येक गावात नसते. शेजारच्या गावची विहीर नाल्याकाठी असली तर तिची पातळी बरी दिसते आणि टेकाडावरचे तुमचे गाव कोरडे असूनही यादीत येत नाही. उपाय सोपा आहे. ग्रामपंचायतीने आपल्या पिण्याच्या विहिरीची पातळी दर महिन्याच्या एकाच तारखेला, सकाळी उपसा सुरू व्हायच्या आधी मोजून वहीत लिहावी. दोरीला वजन बांधा, कठड्यावर एक खूण रंगवा आणि दर वेळी तिथूनच माप घ्या. संयुक्त पाहणीला ही वही समोर ठेवली की बोलणे थोडक्यात आटोपते.

मोर्शीवाट – 12 मार्च, सकाळी 7.15

आमच्या संत्रापट्ट्यात अजून एक कारण. गावाची विहीर 40 फुटांवर आणि शंभर पावलांवर शेतातले बोअर सातशे-आठशे फूट. तिथे गावची विहीर खोल करायला निधी मागणे म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी ओतणे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 मध्ये सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घेण्यावर बंधन आहे. नवीन स्रोताची जागा ठरली की त्या वर्तुळात आधीपासून किती बोअर आहेत ते नकाशावर मांडा. सात-आठ निघाले तर जागा बदला.

पंप_सोडती – 12 मार्च, सकाळी 8.50

'विंधन विहिरीची विशेष दुरुस्ती' या उपायाखाली हातपंपांची लांबलचक यादी जाते आणि निम्म्या पंपांना त्या दुरुस्तीचा उपयोग नसतो. प्रस्ताव लिहायच्या आधी प्रत्येक हापशीवर वीस मिनिटे घालवा. इंडिया मार्क-2 या गावोगावच्या हातपंपाला हत्यार न लावता निदान होते.

पहिली चाचणी गळतीची. पाणी यायला लागेपर्यंत हापसा, मग अर्धा तास पंपाला हात लावू नका. अर्ध्या तासाने पुन्हा हापसा आणि पाणी यायला किती वेळा दांडा मारावा लागतो ते मोजा. पाच दांड्यांच्या आत धार आली तर खालचा व्हॉल्व्ह आणि पाइप ठीक. पंधरा-वीस दांडे लागले तर खालच्या व्हॉल्व्हचे रबर गेले आहे, नाहीतर एखादा रायझर पाइप (पाणी वर आणणारा) आट्यांशी सडून पाणी परत खाली जाते आहे.

दुसरी चाचणी पाण्याची. सलग धार सुरू झाल्यावर बादली लावा आणि मिनिटाला 40 च्या गतीने 40 दांडे मारा. साधारण 12 लिटर यायला हवे. 10 च्या खाली आले तर बोअरमध्ये खाली असलेल्या पंपाच्या सिलिंडरमधले कप वायसर झिजलेले आहेत.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. धार जोरात सुरू होते, दोन-चार बादल्या भरतात, मग दांडा हलका पडतो, फसफस हवा येते, आणि तासाभराने पुन्हा पाणी येते. यात पंपाचा काही दोष नाही. पाणी सिलिंडरच्या खाली उतरले आहे. इथे वायसर बदलून बिल काढले तर पैसा वाया. 3 मीटरचा एक रायझर पाइप आणि तेवढाच एक रॉड वाढवून सिलिंडर खाली सोडायचा, बोअरमध्ये खाली जागा असेल तर. म्हणून आधी दोरी सोडून पाहा: बोअर मूळ किती फूट, आज गाळ धरून किती फूट, पाणी किती फुटांवर. हे तीन आकडे नसलेला दुरुस्तीचा प्रस्ताव मी अर्धवट समजतो. मार्क-2 साधारण 45 मीटरच्या पलीकडे सोडला तर दांडा बाया-पोरांना पेलत नाही, हेही लक्षात असू द्या.

उमरेडची_वाट – 12 मार्च, दुपारी 1.05

नेमका सल्ला हवा आहे. लोकसंख्या 900. नळ योजनेची विहीर आहे, तिची 5 एचपीची पाणबुडी मोटर जळाली. दोन हातपंप, त्यातला एक पंप_सोडती भाऊंनी सांगितला तसा हवा फेकतो. ग्रामसभेत टँकरची मागणी करणारा ठराव झाला आहे. निधी किती आणि कुठून मागायचा?

कन्हानकाठ – 12 मार्च, दुपारी 2.30

उमरेडची_वाट ताई, त्या ठरावावर टँकर मंजूर होणे कठीण, आणि होऊही नये. पाहणीला येणारा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल की विहिरीत पाणी आहे का. असेल तर ही टंचाई मोटरीची आहे, पाण्याची नाही.

मोटरीसाठी जिल्ह्याकडे जाऊच नका. विशेष दुरुस्तीला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता इतके टप्पे आहेत, तोवर लोक काय पिणार? हा खर्च ग्रामपंचायतीच्या हातात आहे. 2021-26 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात 60 टक्के बंधित आहे. त्यातला निम्मा, म्हणजे एकूण अनुदानाचा 30 टक्के, पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे आणि पुनर्वापर यांसाठी. उरलेला 30 टक्के स्वच्छतेसाठी. खात्यात शिल्लक असेल तर मोटरदुरुस्ती त्यात बसते. अडचण एकच, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात हवे. दरवर्षी आराखड्यात 'पाणीपुरवठा योजना देखभाल-दुरुस्ती' असे एक काम रक्कम टाकून ठेवत जा. ते नसेल तर ग्रामसभेतून आराखड्यात बदल करून घ्यावा लागतो आणि मोटर जळाल्यावर धावपळ होते.

वीज तोडली म्हणून योजना बंद असलेली गावेही टँकर मागतात. पाणी योजनेचे वीजबिलही या बंधित निधीतून भरायला शासनाने परवानगी दिलेली आहे.

तारतंत्री – 12 मार्च, सायंकाळी 6.20

मोटर भरून (तारांचे वाइंडिंग नवे करून) आणली की लगेच विहिरीत सोडू नका. का जळाली ते बघा, नाहीतर एप्रिलमध्ये पुन्हा जळेल. मार्च-एप्रिलमध्ये दोनच कारणे जास्त दिसतात. एक, पाणी उतरून पंप कोरडा फिरला. पाणबुडी मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते, पाणी गेले की वाइंडिंग भाजते. दोन, तीनपैकी एक फेज गेली आणि स्टार्टरमधला प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेली की मोटर बंद करणारा भाग, बायपास केलेला. तो बायपास सगळ्यांत आधी काढा. प्रिव्हेंटर आणि कोरडी फिरकी थांबवणारा रिले यांचा खर्च मोटर भरण्याच्या मजुरीपुढे किरकोळ आहे. त्याच अंदाजपत्रकात टाका.

विहिरीत पाणी थोडेच असेल तर सलग सहा तास न चालवता दीड तास चालवा, तीन तास झरे भरू द्या, पुन्हा दीड तास. टाकी भरायला दिवस जातो पण भरते.

पाणी_तपासनीस – 12 मार्च, रात्री 8.45

उरला टँकरचा विषय. विहीर खरोखर आटली आणि टँकर लागलाच, तर हिशेब असा. टंचाईत माणशी 20 लिटर. 900 × 20 = 18,000 लिटर रोज. 12,000 लिटरचा टँकर असेल तर दोन खेपा. जनावरांचे पाणी यात नाही, त्याची मागणी वेगळी आकडेवारी देऊन करा. जलजीवन मिशनचे माणशी 55 लिटर हे कायमच्या नळ योजनेचे प्रमाण आहे. टँकरच्या प्रस्तावात 55 ने गुणलेला आकडा टाकला की प्रस्ताव परत येतो.

आता ज्यावर मला पोटतिडकीने लिहायचे आहे ते. टँकर आणून गावच्या आटलेल्या विहिरीत ओततात. कृपा करून हे थांबवा. कोरड्या विहिरीच्या तळाशी चिखल, पालापाचोळा, पाखरांची घाण असते. वर शंभर दोर आणि शंभर बादल्या. टँकरमधून आलेले शुद्ध पाणी दोन तासांत पिण्यालायक राहत नाही, काही कपारीत मुरते, आणि गॅस्ट्रोची साथ इथूनच उठते. 5,000 लिटरच्या दोन-तीन प्लास्टिक टाक्या ओट्यावर ठेवा, खाली तोट्या लावा, झाकणाला कुलूप. टाक्या बंधित निधीतून घेता येतात आणि पुढच्या वर्षी कामी येतात.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे प्रमाण: 1,000 लिटरला 5 ग्रॅम, पावडर ताजी म्हणजे 33 टक्के क्लोरीनची असेल तर. 12,000 लिटरच्या टँकरला 60 ग्रॅम. पोत्याचे तोंड उघडे राहिले, ओल लागली की क्लोरीन उडतो. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नाही. कोरडी पावडर थेट टँकरमध्ये टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ तेवढेच टँकरमध्ये ओता. अर्ध्या तासानंतरच तोटी उघडायची. मग शेवटच्या तोटीवर ओटी चाचणी (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी) घ्या. पिवळी छटा आली, म्हणजे लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला तर ठीक. टँकरच्या पाण्यात 0.5 राखलेला बरा. रंग पहिल्या काही सेकंदांतच बघा. उशिरा वाढणारा पिवळेपणा मोकळ्या क्लोरीनचा नसतो.

मोर्शीवाट – 12 मार्च, रात्री 9.30

तपासनीस सर, विहिरीला पावडर किती टाकायची ते पण सांगा. जलसुरक्षक अंदाजाने मूठभर टाकतात.

पाणी_तपासनीस – 12 मार्च, रात्री 9.55

व्यास × व्यास × पाण्याची खोली × 0.785, सगळे मीटरमध्ये. आलेल्या घनमीटरला 1,000 ने गुणले की लिटर. 5 मीटर व्यासाच्या विहिरीत 2 मीटर पाणी असेल तर 39,250 लिटर, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम पावडर. मार्चमध्ये पाणी अर्ध्यावर आले की पावडरही अर्ध्यावर यायला हवी. ते न केल्याने वास येतो, आणि लोक मग नाल्यातला झरा गाठतात.

अधिग्रहण करायच्या शेतातल्या विहिरीचे पाणी आधी रासायनिक तपासणीला द्या. संत्र्याला खत भरपूर पडते. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. ते क्लोरीनने जात नाही आणि उकळल्याने उलट दाट होते. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी गेले तर जिवावर बेतते.

तहसील_फेरी – 13 मार्च, सकाळी 9.10

अधिग्रहणाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. माझ्या मते मार्च-एप्रिलसाठी हाच सर्वांत लवकर होणारा आणि कमी खर्चाचा उपाय आहे, आणि गावे त्याला शेवटी ठेवतात कारण विहीरमालकाला दुखवायचे नसते. मालकाला शासनाच्या दराने दररोजचा मोबदला मिळतो. आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष पाणी सुरू झाल्याची तारीख पंचनाम्यात दोन्ही लिहा. मोबदला अडतो तो या दोन तारखांवरूनच. मालकाकडून बँक पासबुकाची प्रत आणि सातबारा पहिल्याच दिवशी घ्या. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली तर पैसे कोणाच्या खात्यावर जाणार याचे संमतिपत्र तेव्हाच लिहून घ्या, जूनमध्ये चौघे एकत्र बसत नाहीत.

प्रस्तावाचा संच: ग्रामपंचायतीचा ठराव (उपायाच्या नेमक्या नावासह), लोकसंख्या आणि जनावरांची संख्या, सध्याच्या सर्व स्रोतांची यादी व प्रत्येकाची स्थिती, दीड-दोन किलोमीटरमध्ये पर्यायी स्रोत आहे की नाही, आणि संयुक्त पाहणीचा अहवाल. नवीन बोअरसाठी भूवैज्ञानिकाचे ठिकाण-निश्चितीचे प्रमाणपत्र आणि जागा खाजगी असेल तर दानपत्र. गट विकास अधिकाऱ्यांकडून तो पुढे जातो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

भूजल_वाचक – 13 मार्च, दुपारी 12.40

नवीन बोअरबद्दल एक तांत्रिक भर. जिल्ह्याचा पश्चिम भाग काळ्या बेसाल्टचा. तिथे पाणी थरांच्या सांध्यात असते, त्यामुळे शंभर फुटांवर जागा हलवली तरी नशीब बदलते. पूर्वेकडे मौदा-कुही-भिवापूरला जुना कठीण नीस खडक. पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत, खाली जाऊन फारसे काही मिळत नाही. दोन्हीकडे "अजून शंभर फूट मारा" हा गावकऱ्यांचा आग्रह निधी खातो.

बोअर यशस्वी ठरवताना व्ही-नॉच (पाणी मोजायची V आकाराची खाच) लावतात, तिथे ग्रामपंचायतीच्या कोणीतरी पट्टी घेऊन उभे राहावे. 90 अंशाच्या नॉचवर 1 इंच पाणी म्हणजे ताशी जवळपास 500 लिटर. 2 इंच म्हणजे ताशी 2,900 च्या घरात. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून अधिक होते. हातपंपाला मिनिटाला 12, म्हणजे ताशी 720 लिटर लागते. 1 इंच दाखवून यशस्वी लिहिलेला बोअर मे महिन्यात हवा फेकणारच. 2 इंच किंवा जास्त मिळाले तर सौर दुहेरी पंपाची मागणी करा: त्याच बोअरवर हातपंप आणि 1 एचपीचा सौर पंप, 5,000 लिटरची टाकी. ढगाळ दिवशी हातपंप आहेच.

उमरेडची_वाट – 13 मार्च, सायंकाळी 5.15

मोटर बंधित निधीतून उचलतो. आमच्यापासून कोळसा खाणी जवळ आहेत, तिथून काही मिळते का?

कन्हानकाठ – 13 मार्च, रात्री 9.00

हो. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. खाणबाधित गावांसाठी 2015 पासून केंद्राची योजना आहे आणि पिण्याचे पाणी तिच्या अग्रक्रमाच्या विषयांत पहिल्या ओळीत आहे. उमरेड, सावनेर, पारशिवनीची कोळसा खाणींजवळची आणि रामटेककडची मँगनीज खाणींजवळची गावे यात येऊ शकतात. पण हा पैसा या उन्हाळ्यासाठी धरू नका, त्याच्या मंजुरीची गती वेगळी आहे. कायमची टाकी, जलवाहिनी, शुद्धीकरण यांसाठी आता अर्ज द्या. पुरात योजना वाहून गेली किंवा विहीर बुडाली तर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत तातडीचा पाणीपुरवठा बसतो. त्यासाठी पंचनामा पाणी ओसरताच व्हायला हवा.

तुमच्या गावचा क्रम असा ठेवा. उद्या विहिरीची पातळी मोजा. मोटर भरायला टाका, स्टार्टर सुधारा. हवा फेकणाऱ्या हातपंपाला दोन पाइप वाढवायचा प्रस्ताव 'विंधन विहिरीची विशेष दुरुस्ती' या नावाने आकड्यांसह द्या. जवळच्या चांगल्या शेतविहिरीचे पाणी तपासायला पाठवा आणि मालकाशी बोलून ठेवा. पातळी एप्रिलमध्ये पंपाच्या खाली जाईल असे वहीवरून दिसले, तर 25 मार्चच्या आत अधिग्रहणाचा ठराव. जुना टँकरचा ठराव रद्द करू नका. त्यात "वरील उपाय अपुरे ठरल्यास" एवढे शब्द घालून दुरुस्त करून घ्या.

पंप_सोडती – 13 मार्च, रात्री 9.35

आणि ताई, त्या हातपंपाचे पाइप वर काढाल तेव्हा प्रत्येकाची आटी हाताने फिरवून बघा. गंजाने पातळ झालेली आटी दोन पाइपांचे जादा वजन धरत नाही. ती तुटली की सिलिंडरसकट सगळे खाली जाते आणि चांगला बोअर कायमचा बुजतो. संशय आला तो पाइप बदला, प्रस्तावात दोनऐवजी चार पाइप लिहा.

उमरेडची_वाट – 14 मार्च, सकाळी 8.05

आज सकाळचे माप: विहिरीत पाणी 1.6 मीटर, पंप तळापासून 0.5 मीटर वर. हातपंपाचे आकडे दुपारी टाकते.